कोलारच्या सायनाइड टेकड्या : उरलेलं सोनं काढाल, पण धुतलेली वाळू कुठे ठेवाल?

धातुवेडा

मुलगी बंगळूरला असते. गेल्या महिन्यात तिच्याकडे गेलो तेव्हा एक दिवस काढून कोलार गोल्ड फील्ड्सला जाऊन आलो. तिथले लोक नुसतं केजीएफ म्हणतात. खनिजं रगडायच्या आणि धुवायच्या कारखान्यांत तीस वर्षं नोकरी केली, पण हे ठिकाण पाहायचं राहिलं होतं.

गावाच्या आधी टेकड्या दिसतात. माथा सपाट, अंगावर पावसाने पाडलेल्या घळी, रंग राखाडी-पिवळट, झाडं तुरळक. १८८० मध्ये जॉन टेलर यांच्या कंपनीने इथे काम सुरू केलं आणि २८ फेब्रुवारी २००१ ला भारत गोल्ड माइन्सने खाण बंद केली. मधल्या एकशेवीस वर्षांत तीन किलोमीटरपेक्षाही खोलवरून जो दगड वर आला, तो रगडून, त्यातलं सोनं काढून घेऊन उरलेलं पीठ टाकलं, त्याचे हे ढीग. आमच्या धंद्यात याला टेलिंग्ज म्हणतात. गावात म्हणतात सायनाइड टेकड्या. असे १३ ढीग आहेत आणि त्यांत सुमारे ३.३ कोटी टन माल आहे. जून २०२४ मध्ये कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने हे ढीग पुन्हा धुवून सोनं काढायच्या केंद्राच्या प्रस्तावाला संमती दिली. तेव्हापासून ओळखीतले चार जण तरी मला विचारून गेले की "टाकलेल्या मातीत सोनं राहिलंच कसं?"

राहिलं, कारण त्या काळी तेवढंच निघत होतं. सुरुवातीला स्टॅम्प मिलमध्ये लोखंडी मुसळांनी दगड कुटायचे आणि तो लगदा पारा लावलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून वाहवायचे. मोकळा कण पाऱ्याला चिकटायचा, गारेच्या, म्हणजे क्वार्ट्झ दगडाच्या, पोटात अडकलेला कण तसाच पुढे जायचा. १८८७ मध्ये ग्लासगोत मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधूंनी सायनाइडची पद्धत शोधली आणि जगभरच्या सोन्याच्या खाणी बदलल्या. पण सायनाइडलाही कणापर्यंत पोचावं लागतं. दळण जाड असलं, किंवा सोनं गंधकी खनिजाच्या आत बंद असलं, तर ते हाती लागत नाही.

आता ढिगांत टनामागे सुमारे ०.७ ग्रॅम सोनं धरतात. जुन्या मापाने सहा गुंजा. एक टन मातीत सहा गुंजा! तरीही हिशेब जमू शकतो, कारण खाणीतले दोन मोठे खर्च, म्हणजे दगड खालून वर आणणं आणि तो रगडणं, आपल्या पणजोबांच्या काळातल्या माणसांनी करून ठेवले आहेत. ३.३ कोटी टनांना ०.७ ने गुणलं की २३ टन सोनं होतं. सगळं कधीच निघत नाही. अर्धं निघालं आणि ग्रॅमला दहा हजार रुपये भाव धरला, तर टनामागे साडेतीन हजार रुपये. त्यातून पाणी, वीज, रसायनं, पगार, सरकारचा वाटा, सगळं भागवायचं.

माझा प्रश्न पुढचा आहे. ३.३ कोटी टनांतून २३ टन काढून नेले तर किती माल उरतो? ३.३ कोटी टन. तो पुन्हा बारीक दळलेला असेल, ओला असेल आणि त्यात ताजं सायनाइड असेल. बातम्यांत २३ टनांची चर्चा आहे, उरलेल्या मालावर एक ओळ नाही. सोनं काढायला माझा विरोध नाही, उलट ते काढावं असंच वाटतं. पण जो सोनं नेईल त्याने वाळूही सांभाळली पाहिजे, आणि कंत्राटात ते आधी लिहिलं गेलं पाहिजे.

या क्षेत्रातले लोक इथे असतील तर जरूर लिहा.

---

करवंद

फार छान माहिती. बाळबोध प्रश्न विचारते. सायनाइड टेकड्या म्हणजे आजही त्या विषारी आहेत का? लोक तिथे फिरतात, सिनेमांचं चित्रीकरणही होतं असं वाचलं आहे.

---

धातुवेडा

@करवंद, प्रश्न अगदी योग्य आहे. सायनाइड ऊन, हवा आणि काळ यांनी तुटत जातं. इतक्या जुन्या ढिगांच्या वरच्या थरात त्याची फारशी भीती नसते. भीती दोन गोष्टींची. पहिली धूळ. गारेचं हे पीठ वाऱ्यावर उडतं आणि फुप्फुसात जाऊन बसतं. खाणीत काम केलेल्यांना सिलिकोसिस व्हायचा तो याच सिलिकामुळे. दुसरी गोष्ट म्हणजे दगडाबरोबर वर आलेली खनिजं. तिथल्या काही शिरांत आर्सेनिक असलेली गंधकी खनिजं होती. ती जमिनीच्या पोटात शांत असतात, पीठ होऊन हवापाण्यात आली की हळूहळू सुटू लागतात.

म्हणून "आहे तसं राहू द्या" हाही बिनखर्चाचा पर्याय नाही. ढीग आहे तिथेच राहिला तरी गावाला तो रोज थोडा थोडा लागतोच.

---

जोबर्गवासी

नमस्कार. मूळचा सांगलीचा, सतरा वर्षं जोहान्सबर्गला आहे आणि नेमकं हेच काम करतो, म्हणून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

इथे विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या पट्ट्यात शहराच्या मधोमध पिवळे ढीग होते. एका ढिगाच्या माथ्यावर ड्राइव्ह-इन थिएटर होतं, लोक गाडीत बसून सिनेमा पाहत आणि खाली शहराचे दिवे. तो अख्खा ढीग धुवून नेला. १९७० च्या दशकाच्या शेवटी एर्गो नावाचा मोठा कारखाना याच कामासाठी उभा राहिला. सुरुवातीला तिथे सोन्याबरोबर युरेनियम आणि गंधकाम्लही काढत. आज तो डीआरडीगोल्ड या कंपनीकडे आहे आणि टनामागे साधारण ०.२ ग्रॅम सोनं हाती येतं. धातुवेडा यांच्या मापात पावणेदोन गुंजासुद्धा नाही. त्यावर कंपनी चालते, कारण महिन्याला वीस लाख टनांच्या घरात माल फिरवला जातो. हा धंदा सोन्याचा कमी आणि पाणी-चिखल वाहण्याचा जास्त आहे.

काम असं चालतं. ढिगासमोर पाण्याची तोफ लावायची, आम्ही मॉनिटर म्हणतो. जोरदार धारेने ढीग वरून खाली कापत आणायचा. चिखल चरातून खड्ड्यात येतो, चाळणीवर गवत, मुळं, लाकडं, प्लास्टिक निघतं (हे प्रकरण नवीन माणसाला वाटतं त्यापेक्षा खूप मोठं आहे, पंप याच्यामुळेच बंद पडतात). मग पाइपने कारखान्यात. तिथे पाणी कमी करून चिखल दाट करायचा, गरज असेल तर पुन्हा दळायचा, चुना घालून पीएच साडेदहाच्या आसपास ठेवायचा. हा आकडा खाली आला तर सायनाइडचा वायू होतो, त्यामुळे पाळीवरचा प्रत्येक माणूस तो डोळ्यांत तेल घालून पाहतो. मग हवा फुंकलेल्या उंच टाक्यांत सायनाइड. सोनं विरघळतं आणि त्याच टाकीत सोडलेल्या कोळशावर बसतं. हा कोळसा नारळाच्या करवंटीचा असतो, कारण तो टणक असतो, घुसळणीत त्याचा भुगा होत नाही. सोनं बसलेला कोळसा गाळून काढायचा, गरम कॉस्टिक द्रावणाने सोनं उतरवायचं, विजेच्या साहाय्याने पोलादी जाळीवर जमवायचं आणि भट्टीत वितळवायचं.

उरलेला चिखल शहरातून सुमारे ५० किलोमीटर पाइपने ब्राकपानला जातो, तिथे मोठं साठवणक्षेत्र आहे. म्हणजे ठिकठिकाणची वाळू एका ठिकाणी नेली, शहरातली जमीन मोकळी केली. पण मोकळी झालेली जमीन लगेच घरं बांधण्याजोगी नसते, तिथल्या मातीची तपासणी करावी लागते. आणि काम चालू असताना धूळ वाढते, हे मी इथे राहून सांगतो. कापलेला ढीग म्हणजे उघडी जखम. रिव्हरलीसारख्या वस्त्यांतल्या लोकांनी याबद्दल वर्षानुवर्षं आवाज उठवला आहे आणि त्यांचं म्हणणं खरं आहे.

---

हिशेबनीस

तांत्रिक माहिती उत्तम. पण मग धुतलेली वाळू विकून का टाकत नाहीत? नदीतली वाळू मिळत नाही, सगळीकडे दगड फोडून केलेली वाळू वापरतात. ३.३ कोटी टन वाळू म्हणजे बंगळूरच्या बिल्डरांसाठी खजिनाच की.

---

धातुवेडा

@हिशेबनीस, हा विचार मीही करतो आणि थोड्या भागापुरता तो खराही ठरू शकेल. अडचण अशी की हे पीठ आहे, वाळू नव्हे. काँक्रीटला जे दाणे लागतात त्यांच्यापेक्षा बहुतेक माल फार बारीक. त्यात गंधकी खनिज राहिलं असेल तर पुढे काँक्रीट फुगतं, तडकतं. आणि आर्सेनिक असलेला माल लोकांच्या घरांच्या भिंतींत जाता कामा नये. विटा, रस्त्याचा भराव, हे करता येईल, पण प्रत्येक ढिगाची वेगळी तपासणी करून. सरसकट परवानगी दिली तर पाच वर्षांनी तो माल कुठे कुठे गेला याचा पत्ता लागणार नाही. आज निदान १३ ठिकाणी आहे हे माहीत तरी आहे.

दुसरा मार्ग म्हणजे सिमेंट मिसळून तो दाट लगदा जुन्या खाणीच्या पोकळ्यांत भरायचा. चालू खाणींत हे नेहमी करतात. कोलारच्या खाणी बंद झाल्यापासून पाण्याने भरल्या आहेत, तिथे ते सोपं नाही.

---

तुमसरकर

आमच्याकडे सोनं नाही, मँगनीज आहे. भंडारा जिल्ह्यात चिखला, डोंगरी बुजुर्ग. इंग्रजांच्या वेळी जाड, काळा, वजनदार दगड तेवढा निवडून बाहेर जायचा, चुरा आणि हलका माल तिथेच टाकायचे. माझी आजी त्या ढिगांवर माल निवडायला जात होती. नंतर तोच टाकलेला माल पाण्यात हलवून वेगळा करू लागले, जिगिंग म्हणतात त्याला. चाळणी पाण्यात खालीवर करायची, जड मँगनीज तळाशी बसतं, हलकी माती वर येते, वरची काढून फेकायची. आजी सांगायची की हात पाण्यात राहून राहून पांढरे पडायचे आणि नखांत काळं बसलेलं कधी निघायचं नाही.

मला एवढंच म्हणायचं आहे की टाकाऊ मालातून धातू काढणं ही काल निघालेली गोष्ट नाही. आमच्या घरातल्या बायांनी ते केलं आहे, रोजीवर. त्यांच्या हातांनी काढलेला माल हिशेबात आला, त्यांची नावं कुठे लिहिली गेली नाहीत.

---

करवंद

@तुमसरकर, हा प्रतिसाद वाचून थांबले. आजींबद्दल अजून लिहा ना, वेगळा धागा काढा.

---

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितो, डिचोली तालुका. आमच्याकडे 'डंप' हा शब्द लहान पोरालाही ठाऊक असतो. लोहखनिजाचा एक टन काढायला अडीच-तीन टन माती बाजूला टाकावी लागायची. ती गावाच्या डोक्यावर डोंगर होऊन बसली. त्यात कमी प्रतीचं खनिजही होतं, कारण त्या वेळी त्याला गिऱ्हाईक नव्हतं. मग २००० नंतर चीनने कमी प्रतीचा माल घ्यायला सुरुवात केली आणि काल जी माती होती तिची एका रात्रीत संपत्ती झाली. डंप उकरायला ट्रकांची रांग लागली.

ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवलं, २०१८ मध्ये ८८ लीज रद्द झाली. डंप कोणाचे, लीजबाहेरच्या जमिनीवर टाकलेला माल कोणाचा, हे वाद कोर्टात आणि सरकारी धोरणांत अनेक वर्षं चालले. या काळात डंप काही कोर्टाच्या तारखेची वाट पाहत बसत नाही. मिरगाचा पाऊस लागला की त्याची तांबडी माती ओहळातून थेट शेतात. आमच्या घराखालच्या दोन केदारांत (खाचरांत) तीन वर्षं भात लावलं नाही. गाळ उपसायचा, पुढच्या पावसात पुन्हा तेवढाच. भरपाईसाठी बाबांनी किती अर्ज केले ते त्यांनाच ठाऊक.

म्हणून धातुवेडा यांचा मुद्दा मला पटतो. ढीग उकरायचा असेल तर पूर्ण उकरा आणि जागा नीट करून द्या. चांगला माल निवडून अर्धवट फोडलेला डंप सगळ्यांत वाईट. जुन्या डंपावर थोडीफार झुडपं, गवत धरलेलं असतं, ते मुळापासून निघतं आणि पावसाला अडवणारं काही उरत नाही.

---

हिशेबनीस

@मांडवीकाठ, हे माहीत नव्हतं. मग माझं मत थोडं बदलतो. पण एवढे नियम लावले तर टनामागच्या साडेतीन हजारांत कोण येईल?

---

धातुवेडा

@हिशेबनीस, या प्रश्नासाठीच मला एक जुनी घटना सांगायची होती.

रोमानियात बाया मारे नावाचं खाणींचं शहर आहे. तिथे वस्तीला लागून जुन्या टेलिंग्जचा तलाव होता, वाळला की शहरावर धूळ उडायची. १९९० च्या दशकात एक ऑस्ट्रेलियन कंपनी आणि रोमानियन सरकारी कंपनी यांनी मिळून ठरवलं की हा माल उचलायचा, त्यातलं सोनं-चांदी काढायची आणि उरलेला चिखल शहराबाहेर नव्या तलावात ठेवायचा. म्हणजे कोलारबद्दल आज जे बोललं जातंय, शब्दशः तेच. हेतू चांगला होता.

३० जानेवारी २००० च्या रात्री पाऊस आणि वितळलेला बर्फ यांनी नवा तलाव भरला आणि बांध फुटला. सुमारे एक लाख घनमीटर सायनाइडचं पाणी नदीत गेलं. सोमेश, तिथून हंगेरीत तिसा, तिथून डॅन्यूब. एकट्या हंगेरीत हजार टनांहून जास्त मासे मेले. सोनं काढायची रसायनशास्त्राची बाजू तिथे व्यवस्थित चालली होती. फसलं ते पाण्याचं गणित आणि बांध. जादा पाणी आलं तर ते कुठे जाईल याची सोयच आराखड्यात पुरेशी नव्हती.

म्हणून मी नियमांचा खर्च वेगळा धरत नाही. बांध, तळाला अस्तर, चिखल बाहेर सोडण्यापूर्वी सायनाइड तोडणारी टाकी, पावसाच्या पाण्याला वेगळी वाट, हे कारखान्याचेच भाग आहेत, भट्टीइतकेच. ते धरून हिशेब जमत नसेल तर तो ढीग आज धुवायचा नाही. त्यावर माती घालून गवत लावून धूळ बसवायची आणि थांबायचं. सोनं कुठे पळून जात नाही.

---

जोबर्गवासी

+१. आमच्याकडे मेरीस्प्रुइट आहे. २२ फेब्रुवारी १९९४, संध्याकाळी जोराचा पाऊस, रात्री टेलिंग्जचा बांध फुटून चिखल वस्तीत घुसला, १७ माणसं गेली. नवीन इंजिनिअर कामावर आला की आम्ही पहिल्या आठवड्यात त्याला या गोष्टीचा सगळा तपशील वाचायला लावतो.

@हिशेबनीस, खर्च भागवायचा एक मार्ग म्हणजे एकट्या सोन्यावर न थांबणं. युगांडात किलेंबेच्या तांब्याच्या खाणीने टाकलेल्या पायराइटच्या (लोखंड-गंधकाच्या खनिजाच्या) ढिगात कोबाल्ट होतं. १९९९ पासून कासेसेला ते जिवाणूंच्या मदतीने काढलं. टाक्यांत हवा, पाणी आणि थोडं खत दिलं की जिवाणू गंधकी खनिज फोडतात आणि कोबाल्ट पाण्यात येतं. मुख्य म्हणजे ज्या पायराइटमुळे आसपासच्या जमिनीत आम्ल झिरपत होतं, तेच कच्चा माल म्हणून वापरलं गेलं. मला या धंद्यातलं सगळ्यांत आवडतं उदाहरण हे आहे.

---

धातुवेडा

कोलारच्या ढिगांतही शीलाइट आढळतं, म्हणजे टंगस्टनचं खनिज. भारताने २०२३ मध्ये ३० महत्त्वाच्या खनिजांची यादी केली, तिच्यात टंगस्टन आहे, सोनं नाही. जानेवारी २०२५ मध्ये मंजूर झालेल्या अशा खनिजांसाठीच्या राष्ट्रीय अभियानातही टेलिंग्ज, राख, ॲल्युमिना कारखान्यांचा लाल चिखल यांतून धातू काढायच्या प्रायोगिक प्रकल्पांना पैसे ठेवले आहेत. पण शीलाइट जड असतं, ते वजनाने वेगळं करायचं असतं आणि फार बारीक दळलं की हातचं जातं. सोन्यासाठी पुन्हा दळण केलं आणि शीलाइटचा विचार नंतर केला, तर ते कायमचं गेलं. क्रम आधी ठरवावा लागेल. ठेकेदाराला फक्त सोन्याचा ठेका दिला तर तो थांबून हा विचार करणार नाही.

---

अणुरेणू

थोडं विषयांतर, पण केजीएफचं नाव निघालं म्हणून. मुंबईच्या टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) शास्त्रज्ञांनी इथेच, सव्वादोन किलोमीटरहून जास्त खोलीवर, १९६५ मध्ये वातावरणातल्या न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणांची नोंद घेतली होती, जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर. वरचा दगड अवकाशातून येणारे बाकीचे किरण अडवतो म्हणून एवढं खाली.

---

सोनटक्का

आज पहिल्यांदाच इथे लिहितेय. मी पुण्याची, लग्नानंतर बंगळूरला. सासरचे तमिळ, तीन पिढ्या केजीएफमध्ये. मामांनी (सासऱ्यांना मी मामा म्हणते) मिलमध्ये काम केलं, खाण बंद झाली तेव्हा नोकरी गेली. त्यानंतर गावातली कितीतरी माणसं रोज पहाटे मारिकुप्पम स्टेशनहून गाडी पकडून बंगळूरला कामाला येऊ लागली, रात्री परत. अजूनही येतात. मामांनीही काही वर्षं ते केलं.

हा धागा मी त्यांना भाषांतर करून वाचून दाखवला. पहिल्यांदा काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ढिगाच्या कडेला उभं राहून माती उचलणाऱ्यांना सांग, कडेची माती म्हणजे ढीग नव्हे." त्यांचं म्हणणं, चिखल कडेने सोडायचे, त्यामुळे जाड रेती कडेलाच बसायची आणि मऊ गाळ मधे वाहत जायचा. म्हणून दोन्हींतलं सोनं सारखं नाही.

---

धातुवेडा

@सोनटक्का, मामांना माझा नमस्कार सांगा. नमुने घेताना नेमकी हीच चूक होते. वरवर आणि कडेने नमुना घेतला की प्रत चुकते आणि मग सगळा हिशेब चुकतो. माथ्यापासून तळापर्यंत, मधे आणि कडेला, ठरावीक अंतरावर भोकं पाडून नमुने घ्यावे लागतात. त्यातही कोणत्या ढिगात कोणत्या मिलचा माल कोणत्या वर्षांत गेला हे कळलं, तर अर्धं काम होतं, कारण दळण आणि पद्धत काळाप्रमाणे बदलत गेली. हे सगळं कागदावर असेलच असं नाही. मामांसारख्या माणसांच्या डोक्यात ते आहे. त्यांना विचारून लिहून ठेवाल का? कोणता ढीग कधीपासून, कोणत्या बाजूने सोडायचे, पावसात कुठली बाजू खचायची.

---

सोनटक्का

विचारलं. त्यांच्या दोन जुन्या सोबत्यांनाही घ्या म्हणाले, एकाला स्टॅम्प मिलच्या वेळचं वडिलांकडून ऐकलेलं आठवतं. रविवारी सकाळच्या गाडीने तिघांबरोबर जातेय. वही घेतली आहे, धूळ असते म्हणून मास्कही. ढिगांचा साधा नकाशा काढून आणते, मग इथे टाकते.